खटपट सदर : गेमच्या डब्यात गाणी

गेल्या अंकात टीव्ही गेमच्या कॅसेटांचे काळवंडलेले पाय कसे साफ करायचे ते लिहिलं होतं. त्यावर इंदूरहून जी पत्रं आली, त्यांतल्या बहुतेकांत कॅसेटचा उल्लेखसुद्धा नाही. सगळ्यांना एकच हवंय : ज्या डब्यावर गेम खेळतो, त्याच डब्यातून गाणीही वाजावीत आणि तो डबा खिशात मावावा.

आधीच सांगून ठेवतो. गेम चालवणं सोपं आहे, गाणं वाजवणंही सोपं आहे. भांडण लागतं ते दोघांचा संसार एका बॅटरीवर आणि एका इअरफोनवर थाटताना. म्हणून खाली तारा आणि व्होल्ट जास्त आहेत, गेम कमी.

रामबागेतून एक आजोबा : नातवाकडे ‘चारशे गेम एकात’वाला हातातला गेम आहे. पाठीत जुन्या नोकिया फोनची ५सी बॅटरी बसते. टीव्हीला जोडायला पिवळ्या-पांढऱ्या पिनांची तार आली होती. त्या छिद्रात इअरफोन खुपसला की एका कानात गेम आणि दुसऱ्या कानात नुसती घरघर. मेमरी कार्डाची जागा कुठे दिसत नाही. यात गाणी भरता येतील का? रेडिओ दुरुस्त केलेत, सोल्डरिंग जमतं.

ती घरघर म्हणजे चित्र आहे. पिवळी पिन चित्राची. चित्राचा सिग्नल सेकंदाला ५०-६० वेळा नव्याने सुरू होतो आणि ती लय कानाला घरघरीसारखी ऐकू येते. त्या छिद्रात इअरफोन घालणं बंद करा, ते फक्त टीव्हीसाठी आहे.

आता गाणी. या डब्यात १९८३ च्या फॅमिकॉमची (निन्तेन्दोच्या टीव्ही गेमची) नक्कल एका चिपमध्ये कोंबलेली असते आणि गेम तिच्या शेजारच्या चिपवर कायमचे लिहिलेले असतात. एमपी३ उलगडायची ताकद तिच्यात नाही, कार्ड वाचायची सोय नाही. तेव्हा तिला शिकवत बसू नका. शेजारी दुसरा वादक बसवा. त्यासाठी डीएफप्लेअर मिनी नावाचा छोटा बोर्ड घ्या. पोस्टाच्या तिकिटाएवढा असतो, मायक्रोएसडी कार्ड त्यातच बसतं आणि ३.२ ते ५ व्होल्टवर चालतो. म्हणजे ५सी बॅटरी थेट चालते, व्होल्ट वाढवायचा बोर्ड लागत नाही.

सामान : डीएफप्लेअर एक, ३२ जीबीपर्यंतचं कार्ड एक, छोटा सरकता स्विच एक, ६ मि.मी.चे दाबायचे टॅक्ट स्विच दोन, ३.५ मि.मी.चा आट्यांचा स्टिरिओ जॅक एक, २२० मायक्रोफॅरड १० व्होल्टचे कपॅसिटर दोन, १० किलोओहमचे रेझिस्टर दोन, पातळ तार अर्धा मीटर. सगळं महाराणी रोडवर सुट्या भागांच्या दुकानात एका फेरीत मिळेल.

डबा उघडलात की पहिल्यांदा जागा मोजा. कणकेची सुपारीएवढी गोळी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून मोकळ्या कोपऱ्यात ठेवा, पाठ बंद करून दाबा, उघडून गोळीची जाडी पाहा. सहा-सात मि.मी. भरली तर पिना काढलेला बोर्ड तिथे बसतो. पिना काढताना एकेक गरम करून ओढा. सगळ्या एकदम उपटायला गेलात तर खालचं तांबंही सोबत येतं.

बॅटरीच्या धन टोकावरून एक तार नव्या सरकत्या स्विचला आणि तिथून डीएफप्लेअरच्या व्हीसीसीला (वीज आत घेणारी पिन). ऋण टोक जीएनडीला (ग्राउंड, पुढे जिला ‘जमीन’ म्हटलंय). गेमचा मूळ स्विच आहे तसाच राहू द्या. पुष्कळांना ‘गेम – बंद – गाणी’ असा तीन जागांचा एकच स्विच लावायचा मोह होतो. तो बॅटरीच्या तोंडाशी लावला की ‘गाणी’वर असताना बॅटरी गेमच्या बोर्डापासून तुटते. चार्जिंगचं सर्किट त्याच बोर्डावर असल्याने मग चार्जर रात्रभर लावला तरी बॅटरी रिकामीच. दोन वेगळे स्विच ठेवले की हा घोळ होत नाही, शिवाय गेमचा आवाज बंद करून गाणी ऐकत खेळता येतं.

आवाजासाठी डॅक-आर (पिन ४) आणि डॅक-एल (पिन ५) वापरा. अर्धगोल खूण वर धरली की डावीकडून खाली १ ते ८ मोजायच्या. या दोन पिना इअरफोन थेट चालवतात. प्रत्येकीत २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याची धन बाजू बोर्डाकडे, आणि पुढे जॅक. जॅकची तिसरी पाकळी जीएनडीला. कपॅसिटर विसरलात तर आवाज येईल, पण त्यासोबत इअरफोनमधून सतत थोडा डीसी करंटही वाहील. २२० च घ्या, कारण ३२ ओहमच्या इअरफोनवर ते साधारण २३ हर्ट्झपर्यंतचा खर्ज सोडतात. १० मायक्रोफॅरड लावून ‘तबला गेला कुठे’ असं विचारणारी पत्रं आमच्याकडे येऊन पडली आहेत. कपॅसिटरनंतर जॅकच्या प्रत्येक बाजूला जीएनडीशी १० किलोओहम जोडा, म्हणजे पिन घालताना कानात फट् होणार नाही.

स्पीकर १ आणि स्पीकर २ या पिना रिकाम्याच सोडा. त्या दोन्ही जिवंत असतात, त्यातली एकही जमिनीला टेकता कामा नये. गेमचा स्पीकर गेमलाच राहू द्या.

बटणं सोपी आहेत. आयओ-१ (पिन ९) टॅक्ट स्विचमधून जीएनडीला, आयओ-२ (पिन ११) दुसऱ्यातून. टिचकी मारली की मागचं किंवा पुढचं गाणं, दाबून धरलं की आवाज कमी किंवा जास्त. स्विच चालू केल्यावर बोर्ड गप्प राहिला तर घाबरू नका, पुढच्या गाण्याचं बटण एकदा दाबावं लागतं.

शेवटी कार्ड. फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा आणि गाणी ज्या क्रमाने हवीत त्याच क्रमाने कॉपी करा, कारण हा बोर्ड फाइलीचं नाव न बघता कॉपीचा क्रम बघतो. मॅक संगणकावरून भरलंत तर तो टिंब-अधोरेखेने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली टाकतो. त्यांनाही बोर्ड गाणं समजतो आणि मधेच दोन-दोन सेकंद मुका होतो. त्या काढून टाका. बॅटरी उतरत आली की गाणं अडखळून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. तो बोर्डाचा दोष नाही, व्होल्ट ३.२ च्या खाली गेल्याची खूण आहे.

टिळकनगरातून अभियांत्रिकीचा विद्यार्थी : रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू (छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’), २.८ इंची आयएलआय९३४१ पडदा, पीसीएम५१०२ डॅक (आकड्यांतून आवाज घडवणारा बोर्ड) आणि पीएएम८४०३ ॲम्प्लिफायर वापरून हातातला गेम बांधला आहे. १८६५० सेल (२६०० एमएएच), टीपी४०५६ चार्जर, एमटी३६०८ बूस्ट (व्होल्ट वाढवणारा बोर्ड). गेम उत्तम चालतात. आधी आवाजच नव्हता. आता स्पीकर वाजतो, पण इअरफोन लावला की ॲम्प्लिफायर तापतो. आवाज मोठा केला की पाय बंद पडून पुन्हा सुरू होतो. गाणी लावली की गेम मुका. खेळताना पाच व्होल्टच्या बाजूला ०.६ अँपिअर मोजले.

चार तक्रारी आहेत आणि चारही वेगळ्या आहेत. एकेक घेऊ.

आवाज कसा आला ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण ज्यांचा अजून आलेला नाही त्यांच्यासाठी : जांभळ्या रंगाच्या ५१०२ बोर्डाच्या पाठीवर चार जोड-ठिपके असतात. १, २ आणि ४ हे ‘लो’ बाजूला जोडायचे, ३ मात्र ‘हाय’ला. तिसरा म्हणजे मुकेपणाचा ठिपका, तो लो राहिला तर डॅक बोलतच नाही. एससीके ही पिन जमिनीला हवी, ती हवेत तरंगत राहिली तरी तीच गत. तारा पायच्या जीपीआयओ (बाहेरचं सामान जोडायच्या पिना) १८, १९ आणि २१ वर आणि कॉन्फिग फाइलीत हायफायबेरी-डॅकचा ओव्हरले (पायला डॅकची ओळख करून देणारी ओळ). एवढं जुळलं की टर्मिनलवर साउंडकार्डांच्या यादीत तो दिसतो. यादीत दिसूनही आवाज नसेल तर पुन्हा तिसरा ठिपका भिंगाखाली पाहा. सोल्डर चकाकते, पण खालच्या तांब्याला चिकटलेली नसते.

तापणारा ॲम्प्लिफायर. पीएएम८४०३ मध्ये स्पीकरचं ऋण टोक म्हणजे जमीन नव्हे. दोन्ही टोकांवर आवाज उलटसुलट नाचत असतो. इअरफोनच्या जॅकमध्ये डाव्या-उजव्याची जमीन एकच असते, त्यामुळे तुम्ही जॅक लावताच दोन्ही ऋण टोकं एकमेकांना शॉर्ट होतात. आजवर चिप वाचली हे नशीब. हा ॲम्प्लिफायर फक्त स्पीकरसाठी ठेवा. इअरफोनसाठी टीडीए१३०८ चा छोटा बोर्ड घ्या आणि डॅकमधून दोघांना समांतर सिग्नल द्या. डॅकवरून थेट इअरफोन चालवू नका. त्याचं आउटपुट पुढच्या ॲम्प्लिफायरला देण्यासाठी असतं आणि या बोर्डावर वाटेत ४७० ओहमचे रेझिस्टरही आहेत. ३२ ओहमच्या इअरफोनला त्यातून कुजबुज तेवढी पोचते. जॅक लावला की स्पीकर आपोआप बंद व्हायला हवा असेल तर पाच पायांचा स्विचवाला जॅक घेऊन तो पीएएमच्या म्यूट पिनेशी जोडा.

पाय बंद पडतो त्याचा हिशेब असा. पाच व्होल्टला ०.६ अँपिअर म्हणजे ३ वॉट. सेल ३.२ व्होल्टवर आला आणि बूस्टची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर सेलमधून १.१ अँपिअर ओढले जातात. त्यावर ढोलाचा एक ठोका पडला की ॲम्प्लिफायर क्षणभर आणखी मागतो. मधल्या तारा केसासारख्या असतील तर व्होल्ट तिथेच गळतात. मल्टिमीटर पायच्या पिन २ आणि ६ वर लावा आणि आवाज मोठा करा. ४.८ च्या खाली सुई जाता कामा नये. उपाय तीन : सेलपासून बूस्टपर्यंतची तार जाड आणि आखूड करा, ॲम्प्लिफायरच्या पाच व्होल्टवर अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, आणि ॲम्प्लिफायरची जमीन पायमधून न नेता बूस्टच्या आउटपुटपासून स्वतंत्र आणा. या तिसऱ्या उपायाने पडदा हलला की येणारी चीं-चींही बरीच कमी होते. बूस्ट ५.१ व्होल्टवर ठेवा, पण पाय जोडण्याआधी. त्याचा स्क्रू सुरुवातीचे कित्येक फेरे काही करत नाही आणि मग एकदम हालतो. त्या गडबडीत पाय उडालेले पाहिलेत.

याच हिशेबाने सेल किती वेळ पुरेल तेही निघतं. २६०० एमएएच गुणिले ३.७ म्हणजे ९.६ वॉट-तास. बूस्टची तूट वजा करून ८.२. खेळताना ३ वॉट, म्हणजे पावणेतीन तासांच्या आत खेळ संपला. गाण्यांसाठी पडदा विझवा. पडद्याच्या एलईडी पिनेत ट्रान्झिस्टर घालून तो एका जीपीआयओवरून बंद करता आला, तर निम्म्या खर्चात काम होऊन पाच तास निघतील. इंदूर-पुणे गाडीत रात्र काढायची असेल तर तेही कमीच. पाय हा वादक म्हणून खादाड आहे, हे मान्य करून पॉवर बँक सोबत ठेवा. चार्जिंग चालू असताना खेळू मात्र नका. टीपी४०५६ चार्जिंग संपलं हे ओळखतो ते करंट एक-दशांशावर, म्हणजे १ अँपिअरच्या बोर्डावर १०० मिलिअँपिअरवर आल्यावर. तुमचा पायच ६०० ओढतोय, त्यामुळे लाल दिवा कधी विझणारच नाही आणि सेल तासन्‌तास ४.२ व्होल्टवर ताटकळत राहील. पी-चॅनल मॉसफेट आणि शॉटकी डायोड घालून भार वेगळा काढता येतो. पुढच्या आवृत्तीत ते कराच.

मुका गेम हा सॉफ्टवेअरचा मामला. तुमचा गाणी वाजवणारा प्रोग्राम, म्हणजे वादक (बहुधा एमपीडी), डॅक अडवून बसतो आणि हा डॅक एका वेळी एकाचंच ऐकतो. रेट्रोपायमध्ये (पायवर जुने गेम चालवणारी प्रणाली) गेम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर आपोआप चालणाऱ्या दोन स्क्रिप्ट ठेवता येतात : रनकमांड-ऑनस्टार्ट आणि रनकमांड-ऑनएंड. पहिलीत वादक थांबवा, दुसरीत पुन्हा सुरू करा. दोन्ही आवाज एकत्र हवे असतील तर आल्साचा (लिनक्सच्या आवाज-यंत्रणेचा) डीमिक्स लावा, पण त्याने आवाज किंचित उशिरा येतो आणि उडी मारण्याच्या गेममध्ये तो उशीर बोचतो. आमचं मत स्क्रिप्टच्या बाजूने.

सुदामानगरातून : २००८ च्या सुमाराचा पीएसपी (सोनीचा हातातला गेम) कपाटात सापडला. पाठीचं झाकण फुगलंय. चार्जर लावला की चालू होतो, पण मेमरी स्टिकमधली गाणी दिसत नाहीत.

चार्जर काढा. फुगलं ते झाकण नाही, आतली बॅटरी. टोचू नका, दाबून बसवू नका, उन्हात ठेवू नका. अलगद काढून वाळूच्या डब्यात ठेवा आणि कचरागाडी आली की सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्याच्या कप्प्यात हातात द्या. इंदुरात तेवढी सोय दारात येते.

नवी बॅटरी घेताना आधी यंत्राचा क्रमांक पाहा. जाड १००० मालिकेची मूळ बॅटरी १८०० एमएएचची, सडपातळ २००० आणि ३००० ची १२०० ची. जाडी वेगळी असल्याने जाड बॅटरी सडपातळ यंत्रात घातली तर मूळ झाकण लागत नाही. ‘३६००’ छापलेल्या बॅटऱ्यांचं वजन करून पाहा. मूळ बॅटरीइतकंच भरलं तर आत तेवढंच सामान आहे, आकडा फक्त कागदावर.

गाणी दिसत नाहीत ती जागेमुळे. कार्ड उघडताच बाहेरच ‘म्युझिक’ फोल्डर हवं, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. त्यात एक पातळी उपफोल्डर चालतं, म्हणजे ‘भावगीतं’ चालेल, पण भावगीतांच्या पोटात पुन्हा गायकाचं फोल्डर केलंत तर आतलं काही दिसणार नाही. मेमरी स्टिक आता महाग आणि दुर्मीळ, त्यापेक्षा मायक्रोएसडी घालायचा ॲडॅप्टर घ्या आणि कार्ड संगणकावर नव्हे, पीएसपीच्याच सिस्टिम सेटिंगमधून फॉरमॅट करा. लागणारी फोल्डरं तो स्वतः तयार करतो.

ऐकताना पडद्याच्या उजेडाचं बटण काही सेकंद दाबून धरा, पडदा विझतो आणि गाणं चालू राहतं. मग पॉवरची कळ होल्डकडे सरकवा, म्हणजे खिशात बटणं दाबली जाणार नाहीत.

तुकोगंजातून : निन्तेन्दोच्या गेमबॉय ॲडव्हान्स एसपीवर एमपी३ वाजवणारी कॅसेट असते म्हणतात. खरं का? एसपीला इअरफोनचं छिद्रच नाही.

खरं आहे. निन्तेन्दोनेच २००५ मध्ये जपानात प्ले-यान नावाची काढली. एसडी कार्ड तिच्यात बसतं आणि इअरफोनचं छिद्रही कॅसेटवरच असतं, त्यामुळे एसपीच्या उणिवेची अडचण येत नाही. घेणार असाल तर कार्ड जपून निवडा. एसडीएचसी हा प्रकार २००६ मध्ये आला, त्यामुळे आजचं ३२ जीबीचं कार्ड तिला कळत नाही. २ जीबी किंवा त्याहून लहान जुनं एसडी शोधावं लागेल, आणि खरं सांगायचं तर कॅसेटपेक्षा ते कार्ड मिळवायलाच जास्त पायपीट होते.

पलासियातून, संग्रह करणारे एक वाचक : एन-गेज (नोकियाचा गेम खेळायचा फोन) घ्यावा की एन-गेज क्यूडी? गाणी महत्त्वाची.

मग पहिला, २००३ चा. त्यात एमपी३ आणि एफएम दोन्ही आहेत. २००४ च्या क्यूडीमधून ते दोन्ही काढून टाकले. बदल्यात क्यूडीत गेमचं कार्ड बाहेरून घालता येतं. पहिल्यात दर वेळी पाठ उघडून बॅटरी काढावी लागते, म्हणजे गेम बदलायचा तर फोन बंद. चहाला आधण ठेवावं आणि मग गेम बदलावा.

जेल रोडच्या फेऱ्या मारणाऱ्या तिघा वाचकांचा एकच प्रश्न : स्वस्तातलं मोठं मेमरी कार्ड घातलं. सुरुवातीची गाणी वाजतात, पुढची सगळी खरखरतात किंवा दिसतच नाहीत. दुकानदार म्हणतो, ‘भिया, सब चलता है.’

चालतं, आठ जीबीपर्यंत. कार्डावर १२८ जीबी छापून आत ८ जीबीची चिप आणि खोटा आकडा सांगणारा कंट्रोलर असला की अगदी असंच होतं : आठ जीबी भरेपर्यंत सगळं ठीक, पुढचं लिहिलेलं हवेत जातं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफथ्री चालवा. हे प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरतात आणि परत वाचून जुळवतात. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. खरेदीच्या दिवशीच तपासा, म्हणजे पावतीची शाई ओली असतानाच परत करता येईल. आणि आकड्याचा मोह कशाला? १२८ केबीपीएसचं पाच मिनिटांचं गाणं ४.८ एमबीचं. ३२ जीबीच्या खऱ्या कार्डात अशी साडेसहा हजार गाणी मावतात. फॅमिकॉमचे गेम तर बहुतेक अर्ध्या एमबीच्या आतले, त्यांना जागा द्यायची म्हटलं तर दहा-बारा गाणी कमी करा.